आधी वजन उतरवा, मग ग्रीस भरा: जुन्या जीएमसी मोटरहोमच्या मागच्या सस्पेन्शनचं वंगण

आजोबांच्या बैलगाडीला ओंगण घालायचा दिवस मला चांगला आठवतो. गाडी आधी लाकडी टेकूवर चढायची, आखाची खीळ निघायची, चाक बाहेर सरकायचं. मग उघड्या आखावर ते बोटांनी ओंगण माखायचे, सगळीकडून, पण खालच्या अंगाला जास्त. चाक जमिनीवर तसंच ठेवून कडेनं ओंगण चोपडलेलं त्यांना खपत नसे. "आख खालून घासतो," एवढंच ते म्हणायचे.

पुढे कितीतरी वर्षांनी, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, १९७६ सालच्या जीएमसी मोटरहोमखाली, म्हणजे चाकांवरच्या घराखाली, उताणा पडून मी कडेनं ओंगण चोपडण्याचंच काम केलं. गाडी चाकांवर उभी, चारही निप्पलांना, म्हणजे ग्रीस भरायच्या तोट्यांना, ग्रीस गन लावली, वरून ताजं ग्रीस डोकावलं की समाधानानं हात पुसले. दोन वर्षं असंच चाललं. मग मागच्या टायरांची आतली कड झिजलेली दिसली. चाक उचलून हलवलं तर चाकाचा आर्म जिच्यावर फिरतो ती पिन आणि तिच्यावरची नळीसारखी बुश यांच्यामध्ये चांगली हालचाल होती. पिना बाहेर काढल्या तेव्हा एक बाजू ग्रीसनं माखलेली आणि दुसरी कोरडी, तांबूस, ओरखड्यांनी भरलेली होती. म्हणजे मी ग्रीस भरत होतो, पण जिथं घर्षण होतं तिथं ते पोचतच नव्हतं.

अमेरिकेत आलेल्या आपल्या मंडळींपैकी काही जण आता या जुन्या मोटरहोम घेऊ लागले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. काम सोपं आहे. पहिल्यांदा एक अख्खी सुट्टी जाईल, पुढे दोन-तीन तासांत उरकेल.

मागं नेमकं काय बसवलंय

जनरल मोटर्सच्या ट्रक अँड कोच विभागानं ही गाडी मिशिगनमधल्या पॉन्टिअक शहरात बांधली, १९७३ ते १९७८ या मॉडेल-वर्षांत. लांबी २३ किंवा २६ फूट, आणि एकूण गाड्या जवळपास १३ हजार. इंजिन आणि गिअरबॉक्स ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या मोटारीचे. इंजिन आधी ७.५ लिटरचं होतं, १९७७ पासून ६.६ लिटरचं आलं. ओढ पुढच्या चाकांना. त्यामुळे मागं शाफ्ट नाही, डिफरन्शियल नाही, आणि डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आखही नाही. गाडीत चढताना एका पायरीत आत पोचता येतं ते यामुळेच.

मागं प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं. फ्रेमला एक भक्कम कंस बोल्ट केलेला असतो, त्याला इथले लोक बोगी म्हणतात. रेल्वेच्या डब्याशी त्याचा घोळ करू नका. या बोगीतून दोन आर्म निघतात, एक पुढच्या चाकाकडे, एक मागच्या चाकाकडे. दोन्ही आर्मच्या वरच्या टोकांमध्ये रबराची हवेची बॅग आडवी बसवलेली असते. महाराष्ट्रात मोठ्या व्होल्वो बसखाली काम करणारे मेकॅनिक ज्याला बलून म्हणतात, त्यातलाच प्रकार, फक्त इथं तो निजलेला. चाक खड्ड्यातून वर उचललं गेलं की आर्म पिनेभोवती फिरतो, त्याचं वरचं टोक बॅगेला दाबतं, आणि तो दाब थोडा दुसऱ्या चाकाकडेही जातो. एका चाकाचा धक्का दोघांत वाटला जातो. ही रचना मला फार आवडते. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी नीट विचार करून, आख नावाची गोष्टच काढून टाकून, घराची जमीन खाली आणली.

आपलं काम या पिनांशी आहे. एका आर्मला एक पिन, म्हणजे बाजूला दोन आणि गाडीला चार. पिन गाडीला आडवी असते आणि तिच्यावर दोन बुश येतात, एक आतल्या टोकाला, एक बाहेरच्या. निप्पलातून घातलेलं ग्रीस या दोन्ही बुशांना मिळायला हवं.

वजनाखाली ग्रीस का शिरत नाही

सामानानं भरलेली २६ फुटी गाडी साडेपाच टनांच्या आसपास जाते आणि त्यातला मोठा भाग मागच्या चार चाकांवर असतो. शिवाय फुगलेली बॅग दोन्ही आर्मना आडवं रेटत असते. हा सगळा भार पिनेवरून बुशवर येतो, आणि येतो तो कायम एकाच अंगानं. त्या अंगाला पिन आणि बुश एकमेकांना घट्ट चिकटलेले. समोरच्या अंगाला केसाएवढी फट. ग्रीस गनचा दांडा दाबला की ग्रीस सोपी वाट धरतं, फटीतून बाहेर येतं, आणि आपल्याला वाटतं की काम झालं.

चाकाच्या बेअरिंगमध्ये असं होत नाही. ते गरगर फिरतं, ग्रीस आपोआप सगळीकडे नेतं. बोगीची पिन मात्र आयुष्यात एकदाही पूर्ण फिरत नाही. आर्म काही अंशच वर-खाली होतो, हजारो मैल, त्याच पट्ट्यात. जो पट्टा कोरडा तो कोरडाच राहतो.

आणि तो झिजला की काय होतं ते टायर सांगतात. चाक आर्मच्या बाहेरच्या बाजूला असतं, जमीन त्याला वर ढकलते, आणि बुशमध्ये फट वाढली की चाकाचं डोकं आत झुकतं. मग टायर आतल्या कडेनं झिजतो. मागून गाडीकडे पाहिलं तर चाकं वरून आत कललेली दिसतात. जुनी गाडी विकत घ्यायला जाल तेव्हा आधी वीस फूट मागं उभं राहून हे बघा, रंग आणि गाद्या नंतर.

काय काय लागेल

दांड्याची साधी ग्रीस गन मला बॅटरीवरच्या गनपेक्षा बरी वाटते, कारण दांडा हाताला सांगतो की ग्रीस आत जातंय की अडलंय. गनला लवचीक नळी हवीच. निप्पलाला धरून बसणारं चांगलं कपलर घ्या, स्वस्त कपलरमधून निम्मं ग्रीस बाहेरच येतं.

ग्रीस एनएलजीआय २ या दाटपणाचं, लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स, आणि शक्य असेल तर ३ ते ५ टक्के मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं. रंगानं काळपट असतं. जिथं धातू सावकाश, जड वजनाखाली, मागं-पुढं घासतो तिथं मॉलीचा थर उपयोगाचा. एक काळजी घ्या: आधीच्या मालकानं कुठलं ग्रीस घातलं होतं ते कळलं तर बघा. लिथियम ग्रीसमध्ये मातीच्या पायाचं किंवा पॉलियुरियाचं ग्रीस मिसळलं तर दोन्ही मिळून पातळ होऊन ओघळू शकतात. कळत नसेल तर नवीन ग्रीस इतकं घाला की जुनं सगळं बाहेर पडेल.

याशिवाय: बाटली-जॅक किंवा गॅरेजमधला चाकांचा जॅक, दणकट घोड्या म्हणजे जॅक-स्टँड, चाकांना लावायला लाकडी ओट, जॅकखाली ठेवायला जाड फळी, लोखंडी तारांचा ब्रश, चिंध्या, टॉमी म्हणजे लोखंडी पहार, डोळ्यांना चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे, आणि दोन-चार नवीन निप्पलं. अमेरिकी निप्पलाचे आटे बहुधा पाव इंची, २८ आट्यांचे असतात. ते मेट्रिक ६ मिलिमीटरसारखे दिसतात, पण तसे नसतात. भारतातून आणलेल्या डबीतलं निप्पल जबरदस्तीनं पिळू नका. आर्ममधले आटे गेले तर फार महागात पडतं.

घोडीच्या बाबतीत काटकसर नको. गाडीच्या एका मागच्या बाजूचं वजन दोन टनांच्या घरात धरा. मी ६ टनांच्या घोड्या वापरतो.

गाडी उचलणं: सगळ्यात जास्त लक्ष इथं

सपाट, कठीण जागा हवी. काँक्रीट उत्तम. डांबर उन्हाळ्यात मऊ होतं, म्हणून त्यावर घोडीखाली जाड प्लायवूड. माती-गवतावर हे काम करूच नका.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. या गाडीत "पार्क" लावलं की अडतात ती पुढची चाकं, कारण ओढ तिथं आहे. हँडब्रेक धरतो तो मागच्या चाकांना. आपण मागची चाकं उचलणार, म्हणजे त्या बाजूचा हँडब्रेक गेला. म्हणून एका वेळी एकच बाजू उचला, म्हणजे दुसऱ्या बाजूची दोन चाकं हँडब्रेकसह जमिनीवर राहतील. आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ओट लावा, मोठे, टायरला ठोकून घट्ट बसवलेले. माणूस आत बसू द्यायचा नाही, मुलांना आधी बाहेर काढा. आत कुणी चाललं तरी गाडी डुलते.

जॅक फ्रेमच्या मुख्य लोखंडी पट्टीखाली लावायचा, बोगीच्या शक्य तितका जवळ. आर्मखाली नाही, पाण्याच्या टाकीखाली नाही, पातळ पत्र्याखाली तर नाहीच. आर्मखाली जॅक लावला तर चाक उचललं जाईल, पण पिनेवरचा भार तसाच राहील, आणि आपण एवढी खटपट ज्यासाठी करतोय तेच राहून जाईल.

सावकाश उचला. फ्रेम वर जाईल तसे आर्म खाली लोंबतील, चाकं बराच वेळ जमिनीला चिकटून राहतील. दोन्ही चाकं बोटभर सुटली की थांबा. घोडी फ्रेमखाली लावा, जॅक हळूच सैल करून वजन घोडीवर येऊ द्या. जॅक काढू नका, फ्रेमला टेकलेला तसाच राहू द्या, दुसरा आधार म्हणून. मग गाडीच्या बाजूला उभं राहून तिला जोर लावून हलवा. हलली, कुरकुरली, घोडी सरकली, तर परत खाली घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. ही परीक्षा झाल्याशिवाय मी डोकं खाली घालत नाही.

बॅगेतली हवा सोडणं

पुष्कळ जण इथपर्यंत येतात आणि लगेच ग्रीस गन उचलतात. चाकं हवेत आहेत, पण बॅग अजून फुगलेली आहे. चालत्या गाडीत तिच्यात १०० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास दाब असतो. आर्म खाली गेल्यानं बॅग लांबते आणि दाब उतरतो, पण संपत नाही. ती दोन्ही आर्मना एकमेकांपासून दूर ढकलत राहते, म्हणजे पिना अजूनही एका अंगानं दाबलेल्याच.

म्हणून वजन घोडीवर पक्कं बसल्यावर त्या बाजूची हवा पूर्ण सोडा. उंचीच्या नियंत्रणातून खाली करायची सोय असते, ती वापरा. आधीच्या मालकानं हवा भरायचा वेगळा व्हॉल्व्ह बसवला असेल तर टायरसारखी सुई दाबून सोडा. हवा जाताना चेहरा आणि हात आर्म-बॅगेच्या मधे नकोत. हवा गेली की कॉम्प्रेसरचा फ्यूज काढा किंवा बॅटरीची तार सोडा. मूळच्या यंत्रणेत उंची आपोआप सांभाळायची सोय असते, आणि आपण खाली असताना कॉम्प्रेसरनं स्वतःहून बॅग भरायला घेतलेली चालणार नाही.

आणि हे कधीच विसरू नका: बॅगेच्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नाही. रबर फाटलं, नळी सुटली, तर गाडीचं धड खाली बसायला क्षणही लागत नाही. फ्रेमखाली लोखंड असेल तरच खाली जायचं.

ग्रीस भरणं

आधी स्वच्छता. तारेच्या ब्रशनं निप्पल आणि पिनेची दोन्ही टोकं घासा, चिंधीनं पुसा. निप्पलावरची वाळू पुसली नाही तर गन ती थेट बुशमध्ये ढकलेल, आणि मग ते वंगण राहत नाही, घासायचा लेप होतो. निप्पलं कुठल्या तोंडानं बसली आहेत ते गाडीगणिक वेगळं दिसतं, कारण पन्नास वर्षांत अनेकांनी वाकडी निप्पलं, जोडनळ्या घातलेल्या असतात. बाजूला दोन पिना आहेत, दोन निप्पलं सापडायला हवीत. एकच सापडलं तर दुसरं चिखलाखाली आहे किंवा तुटून त्या जागी बोल्ट बसवलाय. शोधा. टायर आड येत असेल तर पहिल्यांदा चाकं काढूनच करा. सगळं उघड्यावर दिसतं आणि पुढच्या वेळी हात न बघता पोचतो.

कपलर निप्पलावर सरळ दाबून बसवा, तिरकं नको. दांडा हळू दाबा. इथं घाई केली की ग्रीस एकाच वाटेनं निघून जातं. मी असं करतो: दोन-तीन दाब, मग त्या चाकाला हातानं वर-खाली झुलवायचं, आर्म काही इंच हलेल इतकं. पुन्हा दोन-तीन दाब, पुन्हा झुलवायचं. बॅग रिकामी असल्यामुळे आर्म हलका झालेला असतो. या झुलवण्यानं पिन आणि बुश यांचा स्पर्श एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो, फट सरकते, आणि फटीबरोबर ग्रीसही सरकतं. मदतीला कुणी असेल तर त्याला चाकापाशी बसवा, तुम्ही गन धरा. माझी मुलगी दहा वर्षांची असल्यापासून बाहेर स्टुलावर बसून टायर झुलवते आणि मी खालून "थांब", "हं" म्हणत असतो.

आता नजर पिनेच्या दोन्ही टोकांवर. आधी काळं, घट्ट, कधी तांबूस ग्रीस बाहेर येईल. तांबूस म्हणजे आत पाणी आणि गंज होता. ते पुसा, पुन्हा दाबा. जुनं संपून ताज्या रंगाचं ग्रीस आतल्या टोकाला आणि बाहेरच्या टोकाला, दोन्हीकडे दिसेपर्यंत थांबायचं नाही. किती दाब लागतील याचा आकडा सांगण्यात अर्थ नाही. वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेल्या गाडीला पहिल्यांदा कल्पनेपेक्षा जास्त ग्रीस लागतं, म्हणून ग्रीसचं एक काडतूस (गनमध्ये बसणारी भरलेली नळी) जादा आणून ठेवा.

एकाच टोकानं येतंय? मग दुसरा बुश उपाशी आहे. ज्या टोकानं येतंय तिथं चिंधी दाबून धरा, म्हणजे त्या वाटेला थोडा अडथळा होईल, आणि झुलवत दाब द्या. टॉमीनं आर्म किंचित उचलून धरूनही बघा. बऱ्याचदा एवढ्यानं वाट मोकळी होते.

दांडा दगडासारखा लागतोय? आधी निप्पलावर संशय घ्या. त्यातली गोळी गंजून अडकते. पान्यानं निप्पल काढा, गनला लावून बघा. ग्रीस आरपार गेलं नाही तर निप्पल फेकून नवीन घाला. निप्पल ठीक आणि तरी अडतंय, तर आतली वाट वाळलेल्या ग्रीसनं बंद आहे. निप्पलाच्या भोकात थोडं डिझेल किंवा गंजलेल्या फटीत झिरपणारं भेदक तेल सोडून रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा बघा. दोन-तीन दिवस असं करून सुटलेल्या पिना मी पाहिल्या आहेत. त्यानंही हललं नाही तर पिन काढण्याला पर्याय नाही. ते काम वेगळं आहे आणि पहिल्यांदा एखाद्या जाणत्याबरोबर करावं.

एक धोका लोकांना माहीत नसतो. हाताच्या ग्रीस गनमध्ये ५,००० पीएसआयच्याही वर दाब तयार होतो. नळीला बारीक चीर असेल तर तिथून सुटलेली ग्रीसची धार मोज्यातून, कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही, पण आत बोट सडू शकतं. नळीच्या मधल्या भागाला हात लावून गळती शोधू नका. असं काही झालंच तर धुवून पट्टी बांधून बसू नका, त्याच क्षणी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि "ग्रीस दाबानं आत गेलंय" हे शब्द सांगा.

भरून झालं की बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाका. थोडी कड राहू द्यायला हरकत नाही, ती धूळ-पाणी अडवते. पण बॅगेच्या रबरावर ग्रीस लागलं तर साबणाच्या पाण्यानं लगेच धुवा, खनिज तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं. चाक काढलं असेल तर ब्रेकच्या ड्रमवरही नजर टाका.

खाली आहातच, तर

ग्रीस भरायच्या आधी चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवून बघा. खडखड आली तर दुसऱ्या माणसाला पिनेजवळ टॉर्च धरायला सांगा. आर्म पिनेवर हलत असेल तर बुश झिजलेत. आर्म स्थिर आणि फक्त चाक हलत असेल तर चाकाचं बेअरिंग सैल आहे. दोन्ही आजार वेगळे, उपायही वेगळे. बोगीच्या निप्पलातून चाकाच्या बेअरिंगला ग्रीस मिळत नाही, ते उघडून, धुवून, हातानं भरावं लागतं. आणि झिजलेल्या बुशला ग्रीस भरून फट भरत नाही. आवाज आठवडाभर दबेल, टायर मात्र झिजतच राहील.

बॅगेला भेगा, आर्मवर तडे, ब्रेकची रबरी नळी कुठं घासतेय का, हे पाहून घ्या. शॉक ॲब्सॉर्बरच्या रबरी बुशना तेल-ग्रीस काही लावायचं नाही. कुरकुरतात म्हणून लोक फवारतात, आणि रबर लवकर जातं.

गाडी खाली घेणं

उलट क्रमानं, पण एका फरकानं. फ्यूज परत बसवा आणि गाडी घोडीवर असतानाच बॅगेत हवा भरा. रिकाम्या बॅगेवर गाडी खाली सोडली तर गाडीचं धड टायरवर बसतं आणि जॅक खाली अडकतो, मग तो काढायला दुसरा जॅक शोधत फिरावं लागतं. बॅग भरली, की जॅकनं थोडं उचला, घोडी काढा, सावकाश खाली घ्या. चाकं काढली असतील तर नट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कनं, चांदणीच्या क्रमानं आवळा, आणि साधारण ५० मैलांनी म्हणजे ८० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

मग दुसरी बाजू, पहिल्यापासून, ओट तपासण्यासकट.

दोन्ही झाल्या की गाडी दोन-तीन मैल फिरवून सपाट जागी आणा आणि उंची मोजा. मागच्या चाकांच्या थोडं पुढे फ्रेमला एक लांबट भोक आहे. त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत ११ पूर्णांक ११/१६ इंच, म्हणजे २९७ मिलिमीटरच्या आसपास अंतर हवं, दोन्ही बाजूंना. पाव इंच इकडे-तिकडे चालतं. आर्मचा आणि पिनेचा कोन या उंचीवरच बरोबर बसतो. रात्रभर उभी ठेवून सकाळी पुन्हा मोजा. एक बाजू बसली असेल तर नळ्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील.

तुमची गाडी जीएमसी नसेल तर

त्याच काळातल्या बऱ्याच विनेबॅगो, म्हणजे दुसऱ्या एका कंपनीच्या मोटरहोम, डॉज कंपनीच्या चॅसीवर बांधलेल्या होत्या. त्यांना मागं सरळ आख आणि पाटे आहेत, आपल्याकडच्या ट्रकसारखे. तिथं पाट्याच्या टोकाला शॅकल, म्हणजे पाटा फ्रेमला जोडणारी झुलती कडी, आणि पिना असतात. निप्पल असेल तर नियम तोच: फ्रेम उचलून घोडीवर घ्या, आख खाली लोंबू द्या, आणि मग भरा. आख मात्र ब्रेकच्या नळीवर ताण येईल इतका लोंबू देऊ नका, त्याखाली जॅक हलका टेकवा. शॅकलमध्ये रबरी बुश असतील तर निप्पल नसतं आणि ग्रीसही नको.

किती दिवसांनी

मी वर्षातून दोनदा करतो. एकदा एप्रिलच्या अखेरीस, पहिल्या सहलीआधी. दुसऱ्यांदा ऑक्टोबरात, गाडी हिवाळ्यासाठी झाकण्यापूर्वी. ऑक्टोबरचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उन्हाळाभराचं पाणी, मातीचा अंश बाहेर ढकलला जातो आणि पाच महिने पिना ताज्या ग्रीसमध्ये राहतात. मिशिगनचे रस्ते हिवाळ्यात मिठानं पांढरे होतात. थंडीत गाडी बाहेर काढावीच लागली तर आल्यावर खालून गोड्या पाण्यानं धुवा आणि आठवड्याच्या आत पुन्हा भरा. लांबच्या प्रवासात ५,००० मैल, म्हणजे ८,००० किलोमीटर झाले, की वाट न बघता भरायचं. उंच दाबाच्या पाण्याची नळी मात्र पिनेच्या टोकावर रोखून मारू नका, ती पाणी आतच घालते.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवा. तारीख, मैल, कुठलं ग्रीस, कुठल्या पिनेला दोन्ही टोकांनी आलं, कुठल्या पिनेनं त्रास दिला. माझ्या वहीत डाव्या मागच्या पिनेपुढे सलग तीन नोंदी आहेत, "आतल्या टोकाला उशिरा आलं". चौथ्या वेळी मी ती पिन काढली. आतलं ग्रीसचं भोक अर्धं गंजानं भरलेलं होतं. ते ड्रिलच्या बारीक सुईनं साफ केलं, पिन परत बसवली, आणि आता चौथ्या-पाचव्या दाबाला दोन्हीकडे ताजं ग्रीस येतं.